डोळ्याच्या पडद्याची वेस

दृष्टिपटलाला रक्त दोन बाजूंनी मिळते. बोलण्यात ज्याला सगळे डोळ्याचा पडदा म्हणतात, तो हा थर जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा. त्याच्या भिंगाकडच्या दोन-तृतीयांश भागात मध्यवर्ती रोहिणीच्या फांद्या पसरलेल्या असतात आणि त्यांच्या केशवाहिन्यांचे जाळे चेतापेशींच्या मधून विणलेले असते. मागच्या एक-तृतीयांश भागात प्रकाश टिपणाऱ्या दंडाकार आणि शंक्वाकार पेशी दाटीने उभ्या असतात. तिथे एकही रक्तवाहिनी नाही. या पेशींचा शिधा पाठीमागच्या कोरॉइड या थरातून येतो. कोरॉइड म्हणजे रक्तवाहिन्यांचा गच्च गालिचा. डोळ्याला मिळणाऱ्या रक्तापैकी बहुतेक सगळे, सुमारे ८० ते ८५ टक्के, त्याच्यातून वाहते.

रक्त दोन बाजूंनी येते म्हणून वेशीही दोन. आतली वेस दृष्टिपटलातल्या केशवाहिन्यांच्या भिंतीतच आहे. या भिंतीच्या अंतःस्तर पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की दोन पेशींच्या फटीतून जवळपास काहीच पाझरत नाही. त्यांना बाहेरून पेरिसाइट नावाच्या पेशींनी कवटाळलेले असते, आणि त्यांच्याही पलीकडे म्युलर या आधारपेशींच्या फांद्यांचे वेष्टन असते. शरीरात इतरत्र, उदाहरणार्थ हातापायांच्या स्नायूंत, शंभरएक अंतःस्तर पेशींमागे एखादी पेरिसाइट दिसते. दृष्टिपटलात हे प्रमाण जवळपास एकास एक आहे. बाहेरची वेस कोरॉइड आणि प्रकाशग्राही पेशी यांच्या मध्ये आहे. कोरॉइडच्या केशवाहिन्या स्वतः अगदी सैल असतात. त्यांच्या भिंतींना ६० ते ८० नॅनोमीटर रुंदीची भोके असतात आणि त्यांतून प्रथिनेसुद्धा बाहेर येतात. त्यामुळे तिथली राखण रंजक पेशींच्या एकेरी थरावर येऊन पडते. फरशीच्या षट्कोनी तुकड्यांसारख्या जडवलेल्या या पेशी एका डोळ्यात ३५ लाखांच्या आसपास असतात आणि त्यांतली एकेक पेशी तीस-चाळीस प्रकाशग्राही पेशींचा संसार सांभाळते.

या दोन्ही वेशींना मिळून शास्त्रात ‘रक्त-दृष्टिपटल अडथळा’ म्हणतात. नाव रूढ झाले आहे, पण ते अपुरे आहे. दृष्टिपटल हे शरीरातल्या सर्वांत खादाड ऊतींपैकी एक. निव्वळ अडथळा असता तर ते बघता बघता उपाशी मेले असते. कोणत्या रेणूला आत घ्यायचे, कोणत्या बाजूने, किती आणि कशावर बसवून, हे ठरवणारी ही व्यवस्था आहे. मधुमेहात दृष्टी का जाते, डोळ्याच्या आजारावरची गोळी बहुधा निरुपयोगी का ठरते आणि डोळ्यात सुई का टोचावी लागते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या वाहतुकीत आहेत.

अशी वेस आहे याची पहिली खूण रंगांनी दिली. पाउल एरलिख यांनी १८८५ साली प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले तेव्हा बाकीचे अवयव रंगले, मेंदू मात्र जवळपास कोराच राहिला. १९१३ साली श्नाउडिगेल यांनी ट्रिपान ब्लू हा निळा रंग सशांना टोचला आणि दृष्टिपटलही मेंदूसारखेच वागते हे पाहिले. पुढची मोठी पावले पडली ती अर्ध्या शतकानंतर लंडनमध्ये. नॉर्मन ॲश्टन आणि पोर्तुगालहून आलेले तरुण डॉक्टर जोझे कुन्या-वाझ यांनी १९६५ साली दाखवले की हिस्टामिन दिल्यावर डोळ्याच्या इतर भागांतल्या वाहिन्या गळू लागतात, पण दृष्टिपटलातल्या गळत नाहीत. पुढच्याच वर्षी त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून या घट्टपणाचे कारण शोधले: अंतःस्तर पेशींमधले सांधे.

हीच राखण आज कोणत्याही मोठ्या नेत्र रुग्णालयात डोळ्यांनी पाहता येते. डॉक्टर ‘डोळ्याची अँजिओग्राफी करून या’ असे लिहून देतात ती हीच तपासणी. दंडाच्या शिरेतून फ्लुरेसीन हा पिवळा-नारिंगी रंग टोचतात आणि बाहुली मोठी करून निळ्या प्रकाशात पडद्याचे फोटो घेतात. दहा-पंधरा सेकंदांत रंग डोळ्यात पोहोचतो. आधी मागचे कोरॉइड ढगासारखे उजळते, कारण तिथल्या भोकांतून रंग बाहेर सांडतो. पण रंजक पेशींपाशी येऊन तो थांबतो. सेकंदाभरात दृष्टिपटलाच्या रोहिण्या पेटतात, मग केशवाहिन्या, मग नीला. निरोगी डोळ्यात रंग रेषेबाहेर जात नाही. काळ्या पार्श्वभूमीवर कोरीव नक्षीसारखी एकेक वाहिनी स्वच्छ दिसते. डाल्टन या रेणूंच्या वजनाच्या मापात फ्लुरेसीनचा रेणू ३७६ भरतो, म्हणजे तसा लहानच; तरीही तो या भिंतीतून निसटत नाही. आजारी डोळ्यात मात्र नक्षीच्या कडा पुसट होतात, ठिपके फुगत जातात, आणि पाच-दहा मिनिटांनी घेतलेल्या फोटोत पडद्याच्या मध्यभागी रंगाचे तळे साचलेले दिसते. रुग्णाची त्वचा काही तास पिवळसर राहते, लघवी दिवसभर गडद पिवळी होते. ही तपासणी पहिल्यांदा जमवली ती इंडियाना विद्यापीठातल्या हॅरॉल्ड नोव्हॉट्नी आणि डेव्हिड अल्विस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी. त्यांचा लेख १९६१ साली ‘सर्क्युलेशन’ या हृदयविज्ञानाच्या नियतकालिकात छापून आला.

सांधा जवळून पाहिला तर तो एकसंध नसतो. शेजारच्या दोन पेशींच्या पटलांतून प्रथिनांच्या साखळ्या बाहेर येतात आणि चेनचे दात अडकावेत तशा एकमेकींत अडकतात. यांतले ऑक्लुडिन हे प्रथिन १९९३ साली आणि क्लॉडिन ही प्रथिने १९९८ साली जपानमध्ये शोइचिरो त्सुकिता यांच्या गटाने ओळखली. क्लॉडिन हे नाव ‘बंद करणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून ठेवलेले आहे. क्लॉडिनांचे दोन डझनांहून अधिक प्रकार आहेत. दृष्टिपटलाच्या केशवाहिन्यांत क्लॉडिन-५ मुख्य, तर माणसाच्या रंजक पेशींत क्लॉडिन-१९. म्हणजे दोन्ही वेशींची कुलपेसुद्धा वेगळ्या घडणीची. ही प्रथिने आतल्या बाजूने झेडओ-१ सारख्या जोडप्रथिनांमार्फत पेशीच्या सांगाड्याला बांधलेली असतात आणि हा बांध पेशीला आवळता किंवा सैल करता येतो. ही सोय पुढे आजारात महागात पडते.

फट बंद झाली की रेणूपुढे एकच वाट उरते: पेशीच्या अंगातून पलीकडे जाणे. काहींना त्यासाठी कुणाचीच मदत लागत नाही. प्राणवायू आणि कार्बन डायॉक्साइड पेशीपटलातून सरळ आरपार जातात. पेशीपटल मेदाचे असल्याने मेदात विरघळणारे लहान रेणूही जातात. भुलीची औषधे, मद्य आणि कॅफीन याच वाटेने चेतासंस्थेत शिरतात. रेणू जितका मेदाळ तितका त्याचा प्रवेश सोपा, हा ढोबळ नियम पुष्कळ पदार्थांना लागू पडतो. मात्र रेणू पाचशे डाल्टनच्या पुढे गेला किंवा त्याच्यावर विद्युतभार असला की ही वाट बंद होते. दृष्टिपटलाला रोज जे लागते त्यातले बहुतेक सगळे, म्हणजे साखर, अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे, पाण्यात विरघळणारे आहे. त्यामुळे खरा कारभार वाहक प्रथिनांच्या हाती असतो.

सर्वांत मोठी उलाढाल ग्लुकोजची. त्याच्या वाहकाचे नाव ग्लूट-१. हे प्रथिन पेशीपटलाला बारा वेळा आरपार टाके घालून बसवलेले असते आणि दोन्ही वेशींवर मुबलक असते. २०१४ साली चीनमधल्या त्सिंगह्वा विद्यापीठातल्या येन निंग यांच्या गटाने माणसाच्या ग्लूट-१ची त्रिमिती रचना उलगडली. त्यातून आणि त्याआधीच्या अनेक प्रयोगांतून जे चित्र उभे राहिले ते असे: वाहकाच्या पोटात एक खाच असते. ती आधी रक्ताच्या बाजूला उघडी असते. ग्लुकोजचा रेणू तिच्यात बसला की प्रथिन कूस बदलते, रक्ताकडचे तोंड मिटते आणि पेशीकडचे उघडते. आरपार भोक कोणत्याही क्षणी नसते. खाचेची पारखही बारीक आहे. निसर्गात आढळणारे उजव्या घडणीचे ग्लुकोज तिच्यात बसते. त्याचेच आरशातले प्रतिबिंब असलेले डाव्या घडणीचे ग्लुकोज, वजन आणि अणुसंख्या तंतोतंत सारखी असूनही, बाहेर राहते. प्रयोगशाळेत एखाद्या रेणूची वाहतूक वाहकामार्फत होते की नुसत्या झिरपण्याने, हे ठरवायला हीच युक्ती वापरतात.

ग्लूट-१ला ऊर्जा लागत नाही. साखर जिकडे जास्त तिकडून कमी असेल तिकडे ती जाते. आणि त्याला इन्सुलिनची परवानगीही लागत नाही. स्नायूंतला ग्लूट-४ हा वाहक मुख्यतः इन्सुलिन आल्यावर पेशीच्या पृष्ठभागावर येतो. ग्लूट-१ सदैव दारात हजर. उपाशीपोटीही पडद्याला साखर मिळत राहावी म्हणून ही रचना आहे. पण मधुमेहात रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढलेली राहिली की याच उघड्या दारातून ती दृष्टिपटलात जात राहते. आणखी एका नुकसानाबद्दल कमी बोलले जाते. क जीवनसत्त्वाचे ऑक्सिडीकरण झालेले रूप ग्लूट-१च्याच खाचेत बसून दृष्टिपटलात शिरते आणि आत गेल्यावर त्याचे पुन्हा क जीवनसत्त्व होते. रक्तात साखरेची गर्दी असली की खाचेसाठी चढाओढ होते. जपानमधल्या तोयामा विद्यापीठातल्या केन-इची होसोया यांच्या गटाने मधुमेही उंदरांत ही आवक घटलेली दाखवली. ज्या ऊतीला प्रकाशामुळे होणाऱ्या ऑक्सिडीकरणापासून सर्वाधिक संरक्षण हवे, तिचाच संरक्षक पुरवठा असा तुटतो.

साखर आत गेल्यावर तिचे काय होते, हेही वेशीच्या हिशेबात धरावे लागते. प्राणवायू भरपूर असतानाही दृष्टिपटल साखरेचे मोठ्या प्रमाणावर लॅक्टेट करते, हे ओट्टो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवले होते. हे लॅक्टेट बाहेर काढणारे वाहक निराळे. रंजक पेशींच्या दृष्टिपटलाकडच्या अंगाला एमसीटी-१ आणि कोरॉइडकडच्या अंगाला एमसीटी-३. अलीकडे, २०१७ साली, सिॲटलमधल्या संशोधकांनी या देवघेवीचा एक सुरेख अर्थ लावला. रंजक पेशी आपल्या अंगातून जाणारी साखर स्वतः फारशी खात नाहीत, ती प्रकाशग्राही पेशींपर्यंत जाऊ देतात; आणि त्या पेशींनी टाकलेल्या लॅक्टेटवर स्वतः गुजराण करतात. रंजक पेशींना लॅक्टेट मिळाले नाही तर त्या वाटेतच साखर खाऊ लागतात आणि पुढच्यांची उपासमार होते.

अमिनो आम्लांसाठी वेगवेगळे वाहक आहेत. त्यांतला लॅट-१ हा ल्युसिन, फेनिलॲलनिन, ट्रिप्टोफॅन अशा मोठ्या, भाररहित अमिनो आम्लांना नेतो. पार्किन्सनच्या रुग्णांना दिले जाणारे लेव्होडोपा आणि फेफरे व मज्जातंतूंच्या वेदनेवरचे गॅबापेंटिन ही औषधे अमिनो आम्लांसारखी दिसतात, म्हणून तीही त्याच्या पाठीवर बसून जातात. क्रिएटिनला स्वतःचा वाहक आहे, लोहाला ट्रान्सफेरिन या प्रथिनाचा ग्राही.

टॉरिनची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. दृष्टिपटलात सर्वाधिक प्रमाणात आढळणाऱ्या अमिनो आम्लांत टॉरिनचा समावेश होतो. मांजरांच्या शरीराला ते पुरेसे तयार करता येत नाही. मांसाहारातूनच मिळवावे लागते. १९७५ साली हेस, केरी आणि श्मिट यांनी ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, केसीन या दुधातल्या प्रथिनावर वाढवलेल्या मांजरांच्या प्रकाशग्राही पेशी हळूहळू झडत गेल्या. आहारात प्रथिने भरपूर होती, फक्त टॉरिन नव्हते. तेव्हापासून मांजरांच्या तयार खाद्यात टॉरिन मिसळले जाते. पुढे असे दिसले की आहारात टॉरिन असूनही वेशीवरचा वाहकच नसेल तर परिणाम तोच होतो. हा वाहक, टॉट, सोडियम आणि क्लोराइडच्या ओढीचा फायदा घेऊन टॉरिनला रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त प्रमाणात आत साठवतो. त्याचे जनुक काढून टाकलेले उंदीर आंधळे होतात. २०२० साली या जनुकात दोष असलेल्या भावंडांचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यांचे दृष्टिपटल आणि हृदयाचे स्नायू दोन्ही खराब होत होते. टॉरिन तोंडावाटे मोठ्या मात्रेत दिल्यावर त्यांतल्या मुलीचे हृदय सुधारले आणि दृष्टीचा ऱ्हास थांबला. आनुवंशिक अंधत्वात इतका साधा उपाय लागू पडणे विरळाच.

अ जीवनसत्त्वाचा प्रवास या सगळ्यांत लांबचा आणि सर्वांत व्यवस्थित आखलेला. रेटिनॉल मेदात विरघळते. ते रक्तात मोकळे सोडले तर कुठेही, कोणत्याही पेशीपटलात घुसेल. म्हणून यकृत त्याला एका छोट्या प्रथिनाच्या कुशीत बसवूनच रवाना करते. हे रेटिनॉल-बंधक प्रथिन २१ हजार डाल्टनचे, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळणीतून निसटण्याइतके लहान. म्हणून त्याला ट्रान्सथायरेटिन या मोठ्या प्रथिनाला जोडून पाठवले जाते. एका २८६ डाल्टनच्या रेणूसाठी एवढा लवाजमा. कोरॉइडच्या सैल वाहिन्यांतून हा लवाजमा बाहेर पडतो आणि रंजक पेशींच्या मागच्या अंगाला येऊन थांबतो. तिथे स्ट्रा-६ नावाचा ग्राही असतो. असा ग्राही असावा हे आधीपासून मानले जात होते, पण तो नेमका कोणता हे माहीत नव्हते. २००७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या गटाने गाईच्या डोळ्यातल्या रंजक पेशींतून तो ओळखून दाखवला. स्ट्रा-६ फक्त रेटिनॉल उतरवून घेतो. प्रथिन आत येत नाही, दारातूनच परत फिरते.

आत आल्याबरोबर रेटिनॉलचे एस्टर करून साठवले जाते, त्यामुळे पेशीत मोकळे रेटिनॉल कमी राहते आणि आवक चालू राहते. मग आरपीई-६५ हे विकर त्याला वाकवलेल्या रूपात आणते, आणि ते ११-सिस-रेटिनल होऊन, आणखी एका वाहक प्रथिनावर बसून, दंडाकार पेशींपर्यंत पोहोचते. प्रकाशाचा कण आदळला की ते सरळ होते. दिसण्याची सुरुवात तिथे. वापरलेला रेणू पुन्हा रंजक पेशीत परततो आणि पुन्हा वाकवला जातो. या चक्राची उकल करणाऱ्या जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

रातांधळेपणा हा या साखळीतली कडी तुटल्याचा पहिला इशारा. कडी आहारातच तुटलेली असू शकते. भारतात १९७० साली लहान मुलांना अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तो त्यासाठी. अंगणवाडीत दर सहा महिन्यांनी चमच्याने पाजला जाणारा दोन लाख युनिटचा पिवळा डोस हाच. पण कडी पुढेही तुटते. मुलाला प्रथिनेच पुरेशी मिळत नसतील तर यकृतात वाहक प्रथिन कमी तयार होते आणि साठा असूनही जीवनसत्त्व डोळ्याकडे निघत नाही. कुपोषण हाताळताना नुसते जीवनसत्त्व मोजून भागत नाही ते यामुळे. स्ट्रा-६मध्ये जन्मजात दोष असेल तर गर्भातच डोळ्यांची वाढ खुंटते. आरपीई-६५मध्ये असेल तर बालपणीच दृष्टी जाऊ लागते. त्यावरच्या जनुकोपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळाली, आणि ते जनुक रक्तातून पाठवता येत नसल्याने शस्त्रक्रिया करून थेट दृष्टिपटलाखाली सोडावे लागते.

डीएचए या ओमेगा-३ मेदाम्लाचा वाहक २०१४ साली सापडला, आणि त्याने संशोधकांना चकित केले. सिंगापूरमधल्या डेव्हिड सिल्व्हर यांच्या गटाने दाखवले की एमएफएसडी-२ए हे प्रथिन लायसोफॉस्फॅटिडिलकोलिनला जोडलेले डीएचए मेंदूच्या वेशीतून आत नेते. त्याच वेळी हार्वर्डमधल्या चेंगह्वा गू यांच्या गटाला हेच प्रथिन निराळ्या कामात सापडले: ते नसेल तर मेंदूच्या केशवाहिन्या गळतात, आणि तेही सांधे शाबूत असताना.

गळतीची ही दुसरी वाट समजून घ्यायला हवी. पेशीचे पटल जागोजागी आत वळून त्याच्या इवल्या पुटकुळ्या होतात; त्या रक्तातला थेंबभर द्रव, त्यातल्या प्रथिनांसकट, पोटात घेऊन पेशीच्या दुसऱ्या अंगाला नेऊन रिकाम्या करतात. शरीरात इतरत्र ही वाहतूक सर्रास चालते. दृष्टिपटलाच्या केशवाहिन्यांत ती दाबून ठेवलेली असते. गू यांच्या गटाने २०१७ साली उंदरांच्या पिल्लांत दाखवले की सांधे जन्मापासून घट्ट असतात, तरी वेस दहाव्या दिवसापर्यंत गळकी राहते. पुटकुळ्यांची ये-जा थांबते तेव्हाच ती खऱ्या अर्थाने बंद होते. एमएफएसडी-२एने आत आणलेल्या मेदामुळे पेशीपटलाची घडणच अशी होते की तिच्यात पुटकुळ्या सहज तयार होत नाहीत. अन्न आणणारा आणि दार लावणारा एकच.

आत आणण्याइतकेच बाहेर काढणेही महत्त्वाचे. रंजक पेशी अहोरात्र दृष्टिपटलाखालचे पाणी उपसून कोरॉइडमध्ये टाकतात. त्यासाठी सोडियम-पोटॅशियम पंप या पेशींच्या दृष्टिपटलाकडच्या अंगाला बसवलेला असतो; इतर बहुतेक अस्तरपेशींत तो उलट्या बाजूला असतो. क्लोराइड एका अंगाने आत घेऊन दुसऱ्या अंगाने सोडले जाते आणि पाणी त्याच्या मागोमाग जाते. पडदा सरकलेल्या रुग्णात शस्त्रक्रियेने भोक बंद केले की खाली साचलेले उरलेसुरले पाणी पुढच्या काही दिवसांत आपोआप ओसरते, ते या उपशामुळे.

परक्या रेणूंना हुसकावणारे वाहक निराळे. पी-ग्लायकोप्रोटीन आणि बीसीआरपी हे दोन, मेदात विरघळून आत शिरू पाहणाऱ्या औषधांना वाटेतच पकडून, ऊर्जा खर्च करून, रक्तात परत फेकतात. रेणू मेदाळ असूनही आत का पोहोचत नाही, या कोड्याचे उत्तर बहुधा यांच्यापाशी असते. ओॲट-३ हा वाहक आम्लधर्मी रेणूंना उपसतो आणि पेनिसिलिन त्याच्या तावडीत सापडते. कुन्या-वाझ आणि डेव्हिड मॉरिस यांनी १९६७ साली सशांच्या डोळ्याच्या पोकळीत फ्लुरेसीन सोडले तेव्हा, रक्तातून आत न शिरणारा तोच रंग आतून बाहेर मात्र झपाट्याने गेला. एका दिशेने बंद असलेली भिंत उलट दिशेने उपसा करत होती.

डोळ्याच्या औषधोपचाराला हे सगळे आडवे येते. थेंब टाकले तर पाच टक्क्यांहूनही कमी औषध डोळ्याच्या पुढच्या दालनात शिरते. मागच्या पडद्यापर्यंत पोहोचते ते नगण्य. गोळी किंवा सलाइन दिली तर वेस आडवी. याचा सर्वांत स्पष्ट धडा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर क्वचित होणाऱ्या जंतुसंसर्गात मिळाला. १९९५ साली अमेरिकेत ४२० रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सगळ्यांच्या डोळ्यात प्रतिजैविके टोचली होती. निम्म्यांना शिवाय सेफ्टाझिडिम आणि ॲमिकासिन शिरेतूनही दिली होती. शिरेतून दिल्याने दृष्टीत काहीच फरक पडला नाही. ॲमिकासिन पाण्यात विरघळणारे आणि भारित, सेफ्टाझिडिमही तसेच. वेशीतून पुरेशा प्रमाणात जाणे त्यांना शक्यच नव्हते. त्यानंतर व्हँकोमायसिन १ मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिम २.२५ मिलिग्रॅम थेट व्हिट्रियसमध्ये, म्हणजे डोळ्याच्या पोकळीतल्या जेलीत, टोचणे हा नेहमीचा उपचार झाला. तिथेही वाहक पाठ सोडत नाहीत. पेनिसिलिनच्या कुळातली औषधे दृष्टिपटलातून उपसली जाऊन लवकर संपतात. प्रोबेनेसिड हे औषध सोबत दिले तर हा उपसा मंदावतो.

मधुमेहात वेस ढासळते ती सावकाश. कोगन, तूसॉं आणि कुवाबारा यांनी १९६१ साली मधुमेही दृष्टिपटलाच्या केशवाहिन्या ट्रिप्सिन या विकराने सुट्या करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा पेरिसाइट नाहीशा झालेल्या दिसल्या. त्यांच्या जागी भुतासारखे रिकामे साचे उरले होते. पेरिसाइट गेल्या की भिंत फुगते, केशवाहिन्या बंद पडतात, भोवतालच्या पेशी प्राणवायूसाठी तडफडतात आणि व्हीईजीएफ हे प्रथिन सोडू लागतात. हे प्रथिन १९८३ साली पहिल्यांदा सापडले तेव्हा त्याचे नावच ‘वाहिन्या पाझरवणारा घटक’ असे होते. १९९४ साली मधुमेही रुग्णांच्या डोळ्यांतल्या द्रवात ते वाढलेले आढळले. व्हीईजीएफचा संदेश पोहोचला की अंतःस्तर पेशी ऑक्लुडिनवर फॉस्फेट चढवते, सांध्यातले ऑक्लुडिन आत ओढले जाते आणि चेनचे दात सुटतात. दाबून ठेवलेल्या पुटकुळ्याही पुन्हा धावू लागतात. पाणी, प्रथिने आणि मेद पडद्यात उतरतात; मेदाचे पिवळे कण साचतात आणि मध्यभाग स्पंजासारखा फुगतो. ‘पडद्याला सूज आहे’ असे डॉक्टर सांगतात ती ही. ओसीटी या तपासणीत तिची जाडी मायक्रोमीटरमध्ये मोजता येते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यांतल्या प्रत्येकाचा पडदा वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पाहिला जायला हवा, कारण सूज मध्यबिंदूपर्यंत पोहोचेपर्यंत नजरेत काहीच जाणवत नाही.

व्हीईजीएफला गाठून निकामी करणारी औषधे प्रथिने आहेत: बेव्हासिझुमॅब १ लाख ४९ हजार डाल्टनचे, रॅनिबिझुमॅब ४८ हजारांचे. वेशीतून जाण्याचा त्यांचा प्रश्नच येत नाही. आतड्याच्या कर्करोगासाठी २००४ साली मान्यता मिळालेले बेव्हासिझुमॅब २००५ साली मायामीमध्ये फिलिप रोझेनफेल्ड यांनी थेट डोळ्यात टोचून पाहिले. खास डोळ्यासाठी बनवलेल्या रॅनिबिझुमॅबला २००६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि २०१५ साली भारतात त्याचे पहिले जैवसमरूप बाजारात आले. थेंबांनी डोळा बधिर करतात, पोव्हिडोन-आयोडिनने धुतात, आणि बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर, जिथे दृष्टिपटल सुरू झालेले नसते, केसासारख्या बारीक सुईने ०.०५ मिलिलिटर औषध आत सोडतात. एका थेंबाएवढे ते औषध महिनाभर पुरते.

मग ते जाते कुठे? मोठा भाग डोळ्याच्या पुढच्या दालनातून निचऱ्याच्या वाटेने रक्तात उतरतो. पण पूर्ण प्रतिपिंड असलेल्या बेव्हासिझुमॅबला मागची वाटही आहे. केशवाहिन्यांच्या भिंतीत एफसीआरएन हा ग्राही असतो. तो प्रतिपिंडाचे शेपूट धरून त्याला दृष्टिपटलातून रक्तात नेतो. रक्तातही हाच ग्राही त्याला मोडीत निघण्यापासून वाचवतो, म्हणून बेव्हासिझुमॅब तिथे आठवडेच्या आठवडे टिकते. रॅनिबिझुमॅब हा प्रतिपिंडाचा शेपूट नसलेला तुकडा. रक्तात पोहोचल्यावर काही तासांत तो मूत्रपिंडावाटे निघून जातो.

प्रौढात हा फरक सहसा जाणवत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत तो जाणवतो. त्यांच्या दृष्टिपटलात वाकड्या वाहिन्या वाढू लागल्या की हेच इंजेक्शन द्यावे लागते, आणि बाळाचे वजन किलो-दीड किलो असते. वाढत्या फुप्फुसांना, मूत्रपिंडांना आणि मेंदूला व्हीईजीएफ हवे असते, आणि डोळ्यातून बाहेर पडलेले बेव्हासिझुमॅब बाळाच्या रक्तातले व्हीईजीएफ काही आठवडे खाली ओढते, असे जपानमधल्या अभ्यासात २०१२ साली दिसले. म्हणून अमेरिकेतल्या बालनेत्ररोग संशोधकांनी मात्रा पायरीपायरीने कमी करत नेली. नेहमीची ०.६२५ मिलिग्रॅमची मात्रा वीस पटींनी कमी करून ०.०३१ मिलिग्रॅमवर आणली तरी बहुतेक डोळ्यांत वाहिन्या आवरल्या, हे २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्याहून खालच्या, ०.००४ मिलिग्रॅमच्या मात्रेनेही पुढे बहुतेक डोळ्यांत काम केले.